फॉईलसाठी नवे शीड

विंडसर्फिंगचे नवे शीड घ्यायचे ठरले की ‘किती चौरस मीटरचे?’ हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. बोर्डाखाली फिन, म्हणजे पाण्यात उतरलेले उभे पाते, असेपर्यंत तो योग्यही असतो, कारण फिनच्या बोर्डाला पाण्यावर घसरत ठेवण्याची सगळी ताकद शिडातूनच यावी लागते. फिनच्या जागी फॉईल, म्हणजे बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारा पाण्याखालचा पंख, बसवल्यावर मात्र या प्रश्नाचा पहिला मान जातो. यंदा माझी जुनी शिडे बदलायची वेळ आली तेव्हा मी आकडा मुद्दाम शेवटी ठेवला आणि पाण्याच्या वर उचललेल्या बोर्डावर उभा असताना मला शिडाकडून नेमके काय हवे असते, याचा आधी विचार केला. तिथे शिडाने कमी ओढावे आणि जास्त स्थिर राहावे, असे माझे उत्तर आहे. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका उत्तरातून निघाले, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे. समुद्रापासून दूर राहून, पुण्याच्या आसपासच्या धरणांच्या पाण्यावर हा छंद जोपासणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

फॉईल म्हणजे बोर्डाच्या तळाला जोडलेला साधारण 85 ते 95 सेंटिमीटर लांबीचा उभा खांब, त्याच्या खालच्या टोकाला एक आडवी दांडी, दांडीच्या पुढच्या बाजूला मोठा पंख आणि मागच्या बाजूला तोल राखणारा छोटा पंख. बोर्डाने वेग घेतला की पुढचा पंख पाण्यातून जाताना वरच्या दिशेने बल निर्माण करतो आणि एका क्षणी बोर्ड पाण्यापासून सुटतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असल्यामुळे हा पंख फार मोठा असावा लागत नाही. मी कागदावर हिशेब करून पाहिला. माणूस, बोर्ड, शीड आणि ओले कपडे मिळून 100 किलो वजन धरले, तर 1500 चौरस सेंटिमीटरचा पंख सेकंदाला 5 मीटर वेगाला, म्हणजे जेमतेम 10 नॉटला, ते सगळे वजन उचलून धरू शकतो. ही कल्पना काही नवी नाही. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन अभियंत्याने 1906 साली माजोरे सरोवरावर अशा पंखांवर उचलली जाणारी नौका चालवली होती. ती समुद्रावर नव्हे, तर डोंगरांच्या कुशीतल्या गोड्या पाण्यावर चालली, हे मला मावळातल्या पाण्यावर उभे असताना हमखास आठवते.

आता शिडाकडे वळू. फिरणाऱ्या बोर्डावरच्या माणसाला जो वारा लागतो तो खरा वारा नसतो. खरा वारा आणि स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारा वारा यांची ती बेरीज असते. समजा, 10 नॉटचा वारा बरोबर बाजूने येतो आहे आणि बोर्ड अजून पाण्यातच असून 4 नॉटने सरकतो आहे. शिडाला लागणारा वारा होतो 10.8 नॉट, आणि तो बोर्डाच्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दिशेपासून सुमारे 68 अंशांवरून येतो. याच वाऱ्यात बोर्ड फॉईलवर उचलला गेला आणि 15 नॉटने धावू लागला, की शिडाला 18 नॉट वारा लागतो आणि तो केवळ 34 अंशांवरून येतो. वाऱ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच शिडावरचा जोर जवळपास पावणेतीन पट होतो, आणि त्या जोराची दिशाही बदलते. पाण्यातून सुटण्यासाठी जे शीड जेमतेम पुरते, तेच शीड वर गेल्यावर फार मोठे वाटू लागते, याचे कारण या दोन आकड्यांमध्ये आहे. फिनच्या बोर्डावरही वेगाबरोबर वारा पुढून येऊ लागतो, परंतु तिथे पाण्याचा विरोध मोठा असल्याने ती वाढीव ताकद खर्ची पडते. फॉईलवर विरोध एकदम गळून पडतो आणि ताकद हातात शिल्लक राहते.

म्हणून फॉईलचे शीड निवडताना दोन वेगवेगळ्या क्षणांचा विचार करावा लागतो. पहिला क्षण पाण्यातून सुटण्याचा आणि दुसरा वर टिकून राहण्याचा. पहिल्यासाठी शिडाला पोट हवे, म्हणजे कमी वेगाच्या वाऱ्यातही ओढ देणारी खोली हवी. दुसऱ्यासाठी शीड सपाट हवे, म्हणजे पुढून येणाऱ्या वाऱ्यात त्याचा अडथळा होऊ नये. ही मागणी एका कापडाकडून पूर्ण होत नाही असे वाटेल, पण पहिल्या क्षणाचे काम दुसरीकडे सोपवता येते. त्यातले काही काम पंप करणारे हात करतात, म्हणजे बूम, ही शिडाची हातात धरायची आडवी दांडी, लयीत आत ओढून आणि सोडून आपण शिडाने वारा ढकलतो. उरलेले काम पंखाचा आकार करतो. पंख मोठा घेतला की बोर्ड कमी वेगाला सुटतो, आणि शिडावर दुसऱ्या क्षणाची जबाबदारी तेवढी राहते. मला स्वतःला ही विभागणी समजायला बरेच वाचन करावे लागले. पण एकदा समजल्यावर दुकानांच्या याद्यांमधली निम्मी शिडे आपोआप बाद झाली.

स्थिरतेचा मुद्दा यापेक्षाही खोल आहे, आणि त्यासाठी विंडसर्फरच्या सांध्याकडे पाहावे लागते. कॅलिफोर्नियातले हॉइल श्वाइट्झर आणि विमानांच्या क्षेत्रातले अभियंते जिम ड्रेक यांनी 1968 साली ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचा प्राण म्हणजे मास्टच्या, म्हणजे शीड पेलणाऱ्या उभ्या काठीच्या, पायथ्याचा सर्व दिशांना वळणारा सांधा. या सांध्यातून मास्ट बोर्डाला कलवू शकत नाही, परंतु दाबू शकतो. शीड वाऱ्याने भरले की त्यातला काही जोर मास्टच्या पायथ्यातून बोर्डाच्या पुढच्या भागावर उतरतो आणि नाक खाली धरतो. फिनवर हा दाब थोडा कमीजास्त झाला तरी रुंद बोर्ड पाण्यावर टेकलेला असतो, त्यामुळे तो निभावून नेतो. फॉईलवर मात्र बोर्ड पाण्याला टेकलेलाच नसतो. पंख वर उचलतो आहे, पायथ्याचा दाब खाली धरतो आहे, आणि या दोघांमध्ये माणूस पावलांनी तोल सांभाळतो आहे. पाण्याने काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणारी बाई जशी मानेच्या सूक्ष्म हालचालींनी तो सांभाळते, तशी ही अवस्था असते. वारा अचानक पडला की पायथ्याचा दाब नाहीसा होतो, नाक वर जाते, पंख पाण्याच्या पृष्ठभागाबाहेर येतो, त्याच्यावर हवा शिरते आणि उचल क्षणात संपते. मग बोर्ड आपटतो आणि माणूस पुढे फेकला जातो.

वारा पडणे आपल्या हातात नसते. मात्र वारा कमीजास्त होताना शिडाच्या पोटाची सर्वांत खोल जागा कुठे सरकते, ते शिडाच्या रचनेवर ठरते. ही जागा झुळकेबरोबर मागे सरकली की मागच्या हातावर एकदम ओढ येते, हात प्रतिक्रिया म्हणून बूम सोडतो, आणि तेवढ्यात पायथ्याचा दाबही बदलतो. ज्या शिडाची खोल जागा झुळकेतही पुढच्या बाजूला ठाम राहते, त्याच्यावर दोन्ही हातांना सारखा भार जाणवतो आणि बोर्डाचे नाक शांत राहते. मी शीड तपासताना आता हेच सर्वांत आधी पाहतो. किनाऱ्यावर शीड बांधून, वाऱ्यात उभे धरून, डोळे मिटून झुळकेची वाट पाहावी. कोणत्या हाताला आधी कळते ते लक्षात घ्यावे. दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा या परीक्षेवर माझा अधिक विश्वास आहे.

आमच्या पाण्यावर ही परीक्षा विशेष महत्त्वाची ठरते. मी आणि काही मित्र पौड, कोळवण, तिकोनापेठ या रस्त्याने पवनेच्या जलाशयावर जातो आणि जिथे परवानगी आहे तिथूनच पाण्यात उतरतो. एका बाजूला तिकोना, दुसऱ्या बाजूला तुंग, उत्तरेला लोहगड आणि विसापूर. छायाचित्रासाठी याहून सुंदर जागा मिळणार नाही, पण वाऱ्यासाठी हे डोंगर अडचणीचे आहेत. पश्चिमेचा वारा त्यांना वळसा घालून येतो, कुठे दाबला जाऊन जोरात सुटतो, तर कुठे डोंगराच्या आडोशाला अर्धा उरतो. 10 नॉटच्या वाऱ्यातली 14 नॉटची झुळूक ऐकायला किरकोळ वाटते, परंतु तिच्यात शिडावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. समुद्रावरच्या सलग वाऱ्यात जे शीड उत्तम चालते, ते इथे हात मोडून ठेवते. आमच्यातले एक निवृत्त कर्नल, ज्यांनी छात्र म्हणून खडकवासल्याच्या पाण्यावर पहिल्यांदा शीड धरले आणि ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी माझी याद्यांची फाईल बंद करून विचारले, “अरे, तू शीड वाऱ्यासाठी घेतोयस, पण दोन झुळकांच्या मध्ये ते काय करतं, ते कोण बघणार? तुंगच्या आडोशाला जाऊन एकदा नुसता उभा राहा.” मी त्यांचे ऐकले, आणि त्या दिवसानंतर मोठ्या शिडाचा मोह माझ्या मनातून गेला.

वाऱ्याच्या अंदाजाबद्दलही थोडे सांगायला हवे. पुण्याचे आणि हवामानशास्त्राचे नाते जुने आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली शिमल्याहून इथे आले, आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही शिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. हवामानाच्या अंदाजात दिलेला वारा हा जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो, हे शीड निवडणाऱ्याने विसरू नये. आपल्या शिडाचे टोक त्याच्या निम्म्या उंचीला पोहोचते, आणि बूमच्या उंचीवर वारा आणखी कमी असतो. म्हणून मी हातात धरायच्या छोट्या वायुमापकाने किनाऱ्यावर वारा मोजतो आणि वहीत अंदाजाचा आकडा व मोजलेला आकडा शेजारी शेजारी लिहितो. शिडाचा आकार ठरवताना या वहीने मला कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त मदत केली.

तक्त्यांची आणखी एक अडचण आहे. शिडाच्या आकाराचे बहुतेक तक्ते थंड प्रदेशांतल्या समुद्रकिनाऱ्यांच्या अनुभवावर बेतलेले असतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, आणि एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा साधारण 5 टक्के विरळ असते. शिवाय 15 अंश तापमानाच्या हवेपेक्षा 35 अंशांची हवा आणखी 6 ते 7 टक्के विरळ असते. दोन्ही एकत्र धरले तर एप्रिलच्या दुपारी आमच्या शिडाला तक्त्यातल्या शिडापेक्षा 11 टक्क्यांच्या आसपास कमी जोर मिळतो. 5 चौरस मीटरचे शीड साधारण साडेचार मीटरच्या शिडासारखे वागते. हा हिशेब मांडताना मला मनापासून आनंद झाला, तरीही त्याच्या जोरावर मोठे शीड घ्यावे असे मी म्हणणार नाही. 11 टक्के जोर भरून काढायला वाऱ्याचा वेग फक्त 6 टक्के वाढावा लागतो, आणि तुंगच्या कोपऱ्यावरून येणारी एकच झुळूक याच्या कितीतरी पट फरक पाडते. दोन आकारांच्या मध्ये मन अडकले तर मोठ्याकडे झुकावे, एवढाच या हिशेबाचा उपयोग.

यानंतर कॅमचा प्रश्न येतो. मास्ट आणि बॅटन, म्हणजे शिडातल्या आडव्या पट्ट्या, यांच्या मध्ये बसणारे प्लॅस्टिकचे कॅम शिडाचा आकार वारा नसतानाही टिकवतात. स्थिरता हवी असेल तर कॅमचे शीड घ्यावे, असा तर्क कोणीही करेल, आणि शर्यतीच्या पाण्यावर तो खराही आहे. पण कॅमबरोबर वजन येते, मास्टची बाही रुंद होते, शीड पाण्यात पडल्यावर तिच्यात पाणी भरते आणि ते वर खेचताना पाठ दुखते. वळताना शीड दुसऱ्या बाजूला पलटवले की कॅम अडखळत पलटतात, आणि नेमक्या त्या क्षणी फॉईलवर हाताला धक्का नको असतो. 5 चौरस मीटरच्या बिनकॅमच्या शिडाचे वजन 3 किलोच्या आसपास भरते. ते हातात हलके लागते, पंप करायला सोपे जाते आणि झुळूक गेल्यावर त्याला आधार देत उभे राहावे लागत नाही. स्थिरता मी कॅमऐवजी कापातून मिळवायचे ठरवले. उंच आणि अरुंद आकार, आखूड बूम आणि लीच, म्हणजे मागची कड, थोडी घट्ट. स्लॅलमच्या, म्हणजे वेगाच्या शर्यतीच्या, शिडांची लीच वरच्या भागात मुद्दाम सैल ठेवलेली असते, म्हणजे झुळूक आली की ती उघडून जोर सोडून देते. फॉईलवर मास्ट बहुतेक उभा राहतो, वारा पुढून आणि त्यामानाने सारख्या कोनातून येतो, त्यामुळे एवढी सैल लीच उपयोगाची नसते. म्हणूनच खास फॉईलसाठी कापलेल्या शिडांना डाउनहॉलचा, म्हणजे शीड मास्टवर खाली ताणणाऱ्या दोराचा, ताण कमी द्यावा लागतो. फिनच्या शिडाच्या सवयीने दोर खेचत राहिले तर चांगल्या शिडाचे पोट निघून जाते आणि ते पाण्यातून सुटायलाच मदत करत नाही. डाउनहॉलचा दोर डायनीमाचाच असावा. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो आणि तासाभरात शिडाचा आकार बदललेला असतो.

इथे ऑलिम्पिकचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, मार्सेलच्या समुद्रावर, आयक्यूफॉईल हा वर्ग प्रथमच खेळवला गेला आणि त्याने फिनच्या जुन्या आरएस:एक्स वर्गाची जागा घेतली. त्यात पुरुषांचे शीड 9 चौरस मीटरचे, महिलांचे 8 चौरस मीटरचे, बोर्ड 95 सेंटिमीटर रुंद आणि पुढचा पंख 900 चौरस सेंटिमीटरचा असतो. पुरुषांत इस्रायलच्या टॉम रेऊवेनीने आणि महिलांत इटलीच्या मार्ता माजेत्तीने सुवर्णपदक जिंकले. त्या शर्यती पाहून माझ्या ओळखीतल्या काही जणांनी आठ मीटरच्या शिडांची चौकशी सुरू केली. शर्यतीच्या शिडाचा आकार शर्यतीच्या गरजेतून येतो, हे त्यांना सांगावेसे वाटते. त्या खेळाडूंना वाऱ्याच्या विरुद्ध चढायचे असते आणि वाऱ्याबरोबर उतरायचेही असते, सगळ्यांना एकाच शिडावर हलक्या आणि जोरदार अशा दोन्ही वाऱ्यांत धावायचे असते, पंख लहान असल्याने सुटण्याची ताकद शिडातून आणावी लागते, आणि त्यांची शरीरे या कामासाठी वर्षानुवर्षे घडवलेली असतात. शनिवारी दुपारी कोथरूडहून निघून पवनेला जाणाऱ्या माणसाची गरज याच्या जवळपास उलट आहे. त्यांच्याकडून घ्यावे असे आहे ते शरीराचे तंत्र. मास्ट वाऱ्याच्या बाजूला किंचित झुकवून शिडाचा थोडा जोर वर उचलण्यासाठी कसा वापरायचा, ते त्यांच्याकडे पाहून शिकता येते.

मास्टबद्दल दुकानदार फार बोलत नाहीत, म्हणून मी आवर्जून बोलतो. शीड मास्टच्या वाकण्यानुसार कापलेले असते. काही कंपन्यांचे मास्ट सगळीकडे सारखे वाकतात, काहींचे टोक अधिक ताठ असते, तर काहींचे अधिक लवचीक. चुकीच्या मास्टवर चढवलेल्या महागड्या शिडात सुरकुत्या पडतात, खोल जागा भलतीकडे सरकते आणि वर सांगितलेल्या स्थिरतेचे काही उरत नाही. माझ्याकडे 400 सेंटिमीटरचा, कमी व्यासाचा, मध्यम कार्बनचा मास्ट आधीपासून होता. नव्या मास्टचे पैसे वाचवायचे, तर या मास्टच्या वक्राला साजेशी शिडे कोणाची, हे आधी शोधायला हवे होते, आणि या एका गाळणीने पर्याय मोजकेच उरले. मास्ट दोन तुकड्यांत निघत असल्यामुळे तो गाडीच्या छतावर आणि इमारतीच्या जिन्यातही मावतो. पुण्यातल्या सदनिकेत हा विचार गौण नाही.

कापडाबाबत माझे मत ठाम आहे. पारदर्शक मोनोफिल्म हलकी असते, ताठ असते आणि नवी असताना फार देखणी दिसते. पण आपल्या उन्हात ती लवकर ठिसूळ होते. मार्च ते मे या काळात शीड बांधून किनाऱ्यावर तासन्‌तास उन्हात ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य आपणच कमी करणे होय. म्हणून मी खालच्या भागात, जिथे पाय आणि बोर्डाची कड आपटते, तिथे धाग्यांची जाळी असलेले एक्स-प्लाय आणि मास्टलगत मऊ डॅक्रॉन असलेले शीड शोधले. डॅक्रॉनमुळे झुळकेत शीड किंचित श्वास घेते आणि हाताला धक्का मऊ बसतो. गोड्या पाण्याचा एक फायदा आपल्याला मिळतो, की मिठाचे कण कापडात राहत नाहीत आणि ॲल्युमिनियमचे भागही कमी गंजतात. त्याच्या बदल्यात धरणाच्या काठचा तांबडा गाळ मास्टच्या सांध्यात शिरतो, तो त्याच दिवशी धुवावा लागतो. घरी शीड घडी घालून कधीच ठेवू नये. गुंडाळून, पिशवीत, उन्हाची तिरीप न येणाऱ्या भिंतीकडे उभे ठेवावे. जुने शीड विकत घ्यायचे असेल तर मोनोफिल्म बोटांनी हलकेच वाकवून ऐकावे. कोरडा कडकडीत आवाज आला तर विचार सोडून द्यावा. बूम अडकते त्या खाचेजवळची शिवण, बॅटनची टोके आणि क्लूची, म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याची, कडी या तीन जागा पाहिल्या की शीड किती वापरले गेले आहे ते बरेचसे कळते.

आता आकाराचा निर्णय, जो मी शेवटी ठेवला होता. त्याचे उत्तर पाण्याच्या ऋतुचक्रात सापडले. पवनेचे धरण पावसाळ्यानंतर भरलेले असते, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात वारा बहुधा हलका असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेचा चांगला वारा सुटतो, पण तोवर पाणी इतके उतरलेले असते की एरवी बुडालेले वाघेश्वराचे मंदिर उघडे पडते. ते मंदिर पाहायला लोक लांबून येतात, आणि पाहावे असेच ते आहे; पण जवळजवळ मीटरभर खोल जाणाऱ्या फॉईलच्या दृष्टीने पाण्याखालचे बांध, खुंट आणि दगड जवळ आल्याची ती खूण आहे. पावसाळ्यात वारा सर्वांत जोरदार असतो, मात्र तेव्हा विसर्ग, धुके आणि जिल्हा प्रशासनाचे मनाईचे आदेश असतात, आणि ते पाळलेच पाहिजेत. म्हणजे आमचे खरे दिवस भरलेल्या पाण्याचे आणि हलक्या वाऱ्याचे. फिनच्या काळात अशा वाऱ्यात साडेसात मीटरचे शीड लागत असे आणि तरीही बराच वेळ बोर्डावर नुसते उभे राहून जायचा.

माझ्या वजनाला 5.3 चौरस मीटरचे, बिनकॅमचे, उंच कापाचे एकच शीड मी घेतले. दुसऱ्या मोठ्या शिडासाठी बाजूला काढलेले पैसे 1900 चौरस सेंटिमीटरच्या पंखासाठी वापरले. माझ्या हिशेबाने 1500 च्या पंखावर बोर्ड 9.7 नॉटच्या सुमारास सुटतो, तर 1900 च्या पंखावर 8.6 नॉटला. एक नॉटचा फरक लहान दिसतो, परंतु हलक्या वाऱ्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या बोर्डाला शेवटचा एक नॉटच सर्वांत महाग पडतो. मोठ्या पंखाचा वेग वरच्या टोकाला कमी होतो, हे मान्य आहे. मला तो वेग नको आहे. मला तुंगच्या आडोशाला वारा पडल्यावर आणखी थोडा वेळ वर राहायचे आहे, आणि मोठा पंख तेवढे देतो. हल्ली मास्टविना नुसत्या हातात धरायच्या, शिडासारख्या विंगवर फॉईल करणारे पुष्कळ झाले आहेत आणि त्यांना शीड, मास्ट, बूम यांचा संसार जड वाटतो. त्यांचे म्हणणे मला पटते, पण मास्टच्या पायथ्यातून बोर्डाला मिळणारा तो दाब मला सोडवत नाही.

आमच्यात नव्याने आलेली एक मुलगी माझ्याच कार्यालयात काम करते. तिने माझी जुनी शिडे पाहून विचारले, “दादा, मी तुझं साडेसहाचंच वापरू का? नवं कशाला उगाच?” तिचे वजन 52 किलो आहे. मी तिला वहीत हिशेब मांडून दाखवला: सामानासह 77 किलोच्या आसपास, म्हणजे 1900 च्या पंखावर तिचा बोर्ड साडेसात नॉटच्या सुमारास सुटेल, आणि वर गेल्यावर साडेसहा मीटरचे शीड तिच्या हातांना झेपणार नाही, शिवाय फिनसाठी कापलेले ते जुने शीड माझ्या 400 च्या मास्टवर बसतही नाही. तिने वही स्वतःकडे ओढून आकडे पुन्हा तपासले, तिच्या उंचीला बूम कुठवर यावी हे विचारले आणि साडेचार मीटरचे, बिनकॅमचे, 400 च्या मास्टवर चढणारे शीड मागवले. मास्ट आणि मोठा पंख आम्ही दोघे मिळून वापरणार आहोत, त्यामुळे शनिवारी पाण्यावर आधी कोण जाणार, एवढेच ठरवायचे बाकी आहे.